फ्लुकोनाझोल: कोणासाठी एकच गोळी, कोणासाठी तीन महिने? मंजूर उपयोगांवरून आपली चिठ्ठी कशी वाचायची

फ्लुकोनाझोल या बुरशीनाशक औषधाची १५० मिलिग्रॅमची एक गोळी एखादी बाई एकदाच घेते आणि तिचं काम होतं. तेच औषध दुसऱ्या कोणाला रोज, कित्येक आठवडे घ्यावं लागतं. तिसऱ्याला ते काहीही बुरशी झालेली नसताना, होऊ नये म्हणून दिलं जातं. तिघांच्याही चिठ्ठीवर नाव तेच. म्हणून ‘माझ्या बहिणीला एका गोळीत बरं वाटलं, मला पंधरा दिवस कशाला?’ हा प्रश्न वारंवार येतो. त्याचं उत्तर गोळीत सापडत नाही, ती कोणत्या आजारासाठी दिली आहे त्यात सापडतं.

औषधाला मंजुरी ‘बुरशीवर चालतं’ अशी मोघम मिळत नाही. अमुक जातीची बुरशी, शरीराचा अमुक भाग, अमुक मात्रा, अमुक दिवस अशी ती बांधलेली असते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, फ्लुकोनाझोलला १९९० मध्ये मान्यता दिली. खाली मंजूर उपयोग म्हटलं आहे ते मुख्यतः त्या यादीला धरून. इतर देशांच्या याद्या थोड्या वेगळ्या आहेत आणि हा फरक एका ठिकाणी फार महत्त्वाचा ठरतो. तिथे तो सांगेनच.

एक गोष्ट आधीच. हे चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. हा लेख वाचून स्वतःची मात्रा ठरवू नका. तुम्हाला दिलेली मात्रा तशी का आहे हे कळावं आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, काय सांगायचं हे सुचावं, एवढ्यासाठीच तो लिहिला आहे.

पायरी पहिली: आजाराचं नाव विचारून घ्या

‘फंगल इन्फेक्शन आहे’ एवढं उत्तर पुरेसं नाही. माणसाला त्रास देणाऱ्या बुरशीचे ढोबळ तीन गट धरा. पहिला यीस्टचा. त्यात कॅन्डिडा येते, जी एरवीही आपल्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात गुपचूप राहत असते. क्रिप्टोकॉकस हीसुद्धा यीस्टच, पण ती श्वासावाटे आत शिरते आणि प्रतिकारशक्ती ढासळलेली असेल तर मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. दुसरा गट गजकर्ण, नायटा, नखांची बुरशी घडवणाऱ्या डर्माटोफाइट्सचा. तिसरा अ‍ॅस्परजिलस किंवा म्युकरसारख्या तंतुमय बुरशींचा.

फ्लुकोनाझोलची मंजुरी जवळजवळ सगळी पहिल्या गटातली आहे. दुसऱ्या गटाचं पुढे गजकर्णापाशी बोलू. तिसऱ्या गटावर ते काम करत नाही. अ‍ॅस्परजिलससाठी व्होरिकोनाझोल आणि म्युकरसाठी अ‍ॅम्फोटेरिसिन-बी अशी वेगळी औषधं आहेत. तिथे फ्लुकोनाझोल देऊन वाट पाहणं म्हणजे मौल्यवान दिवस घालवणं.

पहिल्या गटातही सगळ्या कॅन्डिडा सारख्या नाहीत. सर्वात जास्त आढळणारी कॅन्डिडा अल्बिकन्स बहुधा या औषधाला दाद देते. कॅन्डिडा क्रुसेई जन्मजातच दाद देत नाही. कॅन्डिडा ग्लाब्राटा अर्धवट जुमानते, तिला मात्रा वाढवून द्यावी लागते किंवा औषधच बदलावं लागतं. २००९ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेल्या कॅन्डिडा ऑरिसचे बहुतेक नमुने फ्लुकोनाझोलला जुमानत नाहीत. म्हणूनच गंभीर किंवा वारंवार होणाऱ्या संसर्गात औषध सुरू करण्यापूर्वी नमुना घेऊन कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहायला, पाठवतात. उपचार लगेच सुरू करता येतात, अहवाल आल्यावर गरजेप्रमाणे बदलता येतात. पण नमुना आधी घ्यायचा हे महत्त्वाचं. चार गोळ्या पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात बुरशी उगवेलच असं नाही.

पायरी दुसरी: तुमचा आजार मंजूर यादीत कुठे बसतो ते पाहा

*योनिमार्गातला कॅन्डिडा संसर्ग.* सर्वात जास्त चिठ्ठ्या याच्याच. मात्रा: १५० मिलिग्रॅम, तोंडावाटे, एकदा. बस. एका गोळीत भागतं याचं कारण असं की हे औषध शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे ३० तास लागतात. गोळी एक असली तरी औषध पुढचे काही दिवस ऊतींमध्ये काम करत राहतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी खाज पूर्ण थांबली नाही म्हणून लगेच दुसरी गोळी घेण्याचं कारण नाही. तीन-चार दिवस थांबा.

मात्र त्रास खरंच कॅन्डिडाचाच आहे का? खाज, जळजळ, दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट पांढरा स्राव आणि दुर्गंध नाही, असं चित्र असेल तर शक्यता मोठी. स्राव पातळ, राखाडी आणि मासळीसारख्या वासाचा असेल तर तो बहुतेक जिवाणूंचा प्रकार. पिवळट-हिरवा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास या परजीवीचा. या दोन्हींवर फ्लुकोनाझोलचा काडीचाही उपयोग नाही. नुसत्या लक्षणांवरून डॉक्टरही चुकू शकतात, मग घरी बसून ओळखण्याची बढाई कोणी मारू नये. पहिल्यांदाच असा त्रास होत असेल, ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर तपासणीशिवाय गोळी घेऊच नका.

वर्षातून तीन-चार वेळा हाच त्रास उलटत असेल तर एक गोळी पुरत नाही. तिथे आधी दर तिसऱ्या दिवशी एक अशा तीन गोळ्या आणि मग आठवड्याला एक, सहा महिने असा क्रम वापरतात. युरोपातल्या माहितीपत्रकात हा उपयोग मंजूर म्हणून छापलेला असतो. अमेरिकेच्या यादीत तो नाही, तरी तिथले तज्ज्ञही तो सुचवतात. असा त्रास पुन्हा पुन्हा होतो तेव्हा रक्तातली साखर तपासून घ्या. अंगात लपलेला मधुमेह कित्येकदा असाच सापडतो.

*तोंडातला कॅन्डिडा.* जिभेवर, गालाच्या आतून पांढरा थर, खरवडला की खाली लाल. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, मग रोज १००, आणि किमान दोन आठवडे. थर तीन-चार दिवसांत नाहीसा होतो आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात. दिसेनासं होणं आणि संपणं यात फरक आहे. अर्धवट सोडलं की परत येतं. दम्याचा स्टेरॉइड इनहेलर वापरणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरावी आणि कवळी असेल तर रात्री काढून स्वच्छ करावी. मूळ कारण तसंच ठेवलं तर गोळ्या किती वेळा घेणार?

*अन्ननलिकेतला कॅन्डिडा.* गिळताना छातीत दुखतं, घास अडल्यासारखा वाटतो. मात्रेची सुरुवात तीच, २०० आणि मग १००, पण गरज पडली तर दिवसाला ४०० पर्यंत. मुदत किमान तीन आठवडे आणि त्रास थांबल्यावर आणखी निदान दोन आठवडे. ही दुसरी अट विसरली जाते. म्हणजे त्रास अठराव्या दिवशी थांबला तर एकविसाव्या दिवशी औषध बंद करून चालणार नाही, बत्तिसाव्या दिवसापर्यंत जावं लागेल. आणखी एक: अन्ननलिकेत कॅन्डिडा सहसा उगाच होत नाही. प्रतिकारशक्ती का कमी झाली याचा शोध डॉक्टर घेतील, त्यात एचआयव्हीची तपासणीही असेल. तिला नकार देऊ नका.

*लघवीच्या मार्गातला आणि पोटाच्या पडद्याचा कॅन्डिडा.* रोज ५० ते २०० मिलिग्रॅम. फ्लुकोनाझोलचा सुमारे ८० टक्के भाग मूळ रूपातच लघवीतून बाहेर पडतो, म्हणून लघवीच्या संसर्गात ते चपखल बसतं. मात्र लघवीची नळी घातलेल्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये नुसती यीस्ट दिसली आणि त्रास काहीच नसला, तर बहुतेक वेळा गोळ्यांची गरज नसते. शक्य असेल तर नळी काढणं किंवा बदलणं हेच औषध.

*रक्तात किंवा आतल्या अवयवांत पसरलेला कॅन्डिडा.* हा रुग्णालयातला विषय. माहितीपत्रक दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेचा उल्लेख करतं, तज्ज्ञ पहिल्या दिवशी ८०० देऊन सुरुवात करतात. आजकाल अत्यवस्थ रुग्णाला आधी एकायनोकँडिन या बुरशीनाशकांच्या गटातलं औषध शिरेतून देतात आणि बुरशी फ्लुकोनाझोलला दाद देते हे कळल्यावर गोळीवर आणतात. रक्तातून बुरशी नाहीशी झाल्यानंतरही साधारण दोन आठवडे उपचार चालतात.

*क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर.* पहिल्या दिवशी ४००, मग रोज २०० ते ४००, आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याचं कल्चर स्वच्छ आल्यानंतर पुढे १० ते १२ आठवडे. सुरुवातीला सांगितलेले तीन महिने ते हेच. यादीत असं लिहिलं असलं तरी आज सुरुवात एकट्या फ्लुकोनाझोलने करत नाहीत. आधी अ‍ॅम्फोटेरिसिन-बी आणि फ्लुसायटोसिन, शिवाय जास्त मात्रेत फ्लुकोनाझोल असा क्रम जागतिक आरोग्य संघटनेने सुचवला आहे. मात्र पुढच्या टप्प्यांत खरा आधार याच गोळीचा. मेंदूच्या भोवतीच्या पाण्यात ती चांगली उतरते, हा गुण फार थोड्या बुरशीनाशकांत आहे. एचआयव्ही असलेल्यांना आजार उलटू नये म्हणून त्यानंतरही रोज २०० मिलिग्रॅम चालू ठेवतात. ती गोळी मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं.

*अस्थिमज्जा प्रत्यारोपणात प्रतिबंध म्हणून.* रोज ४००. पांढऱ्या पेशी घसरणार असं दिसताच काही दिवस आधी सुरू करायची आणि न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या घन मिलिमीटरमागे १,००० च्या वर गेल्यानंतर आणखी ७ दिवस घ्यायची.

आणि गजकर्ण?

इथे तो देशादेशातला फरक येतो. गजकर्ण, जांघेतला नायटा, शिबं, नखांची बुरशी यांपैकी एकही उपयोग अमेरिकेच्या मंजूर यादीत नाही. ब्रिटनसारख्या देशांत त्वचेच्या काही संसर्गांसाठी आठवड्याला १५० मिलिग्रॅम अशी मंजुरी आहे, तीही गोळीने उपचार करणं योग्य ठरतं तेव्हाच. त्यामुळे डॉक्टरांनी गजकर्णासाठी फ्लुकोनाझोल दिलं तर ते चूक ठरत नाही. यादीबाहेरचा पण विचारपूर्वक केलेला वापर वैद्यकात सर्रास असतो. मात्र ‘योनिमार्गाच्या संसर्गाला एक गोळी, म्हणून गजकर्णालाही एक’ हे गणित साफ चुकीचं. त्वचेची बुरशी आठवड्यानुआठवडे उपचार मागते आणि तिच्यासाठी टर्बिनाफिन बहुधा जास्त कामाचं. स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावून वर अधूनमधून एखादी गोळी घेणं हा प्रकार तर आजार चिवट करण्याचा हमखास मार्ग आहे.

पायरी तिसरी: पहिली गोळी घेण्याआधी चार गोष्टी सांगा

इथे सर्वात जास्त वेळ द्या. फ्लुकोनाझोल बुरशीच्या पेशीतलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे तिच्या आवरणाला लागणारं एर्गोस्टेरॉल तयार होत नाही आणि तिची वाढ खुंटते. गोम अशी की त्याच कुळातली एन्झाइम्स आपल्या यकृतातही आहेत आणि ती इतर औषधं पचवून बाहेर काढतात. फ्लुकोनाझोल त्यांनाही काही प्रमाणात अडवतं. मग दुसरं औषध नेहमीच्याच मात्रेत घेतलं तरी रक्तात साचत जातं.

म्हणून पहिली गोष्ट: तुम्ही घेत असलेली सगळी औषधं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) लवकर आणि पुन्हा तपासावा लागतो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड, ग्लायब्युराइड यांपैकी गोळी असेल तर साखर अचानक उतरू शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर खा आणि तपासा. आकडीसाठी फेनिटॉइन, प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन, कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन किंवा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन यांचंही प्रमाण वाढतं. उलट दिशेलाही परिणाम होतो: क्षयरोगाचं रिफाम्पिसिन फ्लुकोनाझोललाच कमी करतं. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा मामला आणखी निराळा, ते यकृतात गेल्यावरच कामाला लागतं, म्हणून त्याचा प्रभाव कमी होऊ शकतो.

काही औषधं सोबत चालतच नाहीत. एरिथ्रोमायसिन, पिमोझाइड, क्विनिडिन, सिसाप्राइड ही त्यांतली. कारण हृदयाची लय बिघडण्याचा धोका. औषध बंद केल्यावरही यकृतावरचा हा परिणाम चार-पाच दिवस टिकतो, तेव्हा ‘काल कोर्स संपला’ म्हणून आज यांतलं काही सुरू करू नका.

दुसरी गोष्ट: किडनी. बहुतेक औषध लघवीतूनच जात असल्याने किडनीचं काम निम्म्यावर आलेल्यांत रोजची मात्रा साधारण निम्मी करतात. पहिल्या दिवसाची मात्रा मात्र पूर्णच देतात. डायलिसिस असेल तर डायलिसिसच्या दिवशी ते झाल्यावर पूर्ण मात्रा. एकदाच घ्यायच्या १५० च्या गोळीला हा हिशेब लागू नाही.

तिसरी: गरोदरपण. पहिल्या तिमाहीत रोज ४०० ते ८०० अशा मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतलेल्या मातांच्या बाळांत विशिष्ट जन्मदोष आढळले आणि २०११ मध्ये एफडीएने तसा इशारा दिला. एका १५० च्या गोळीबाबतही गर्भपाताची शक्यता वाढत असल्याची शंका अभ्यासांतून पुढे आली आहे. गरोदरपणात योनिमार्गाच्या कॅन्डिडासाठी क्लोट्रिमाझोलसारखं आत वापरायचं औषध सात दिवस देतात, गोळी टाळतात. पाळी चुकली असेल तर गोळीआधी चाचणी करा. मोठ्या मात्रेचा कोर्स चालू असताना आणि संपल्यावर साधारण आठवडाभर गर्भनिरोधन पाळा. औषध दुधात उतरतं, म्हणून अंगावर पाजत असाल तर तेही सांगा.

चौथी: आधीचे आजार. यकृताचा विकार, हृदयाची अनियमित लय, पूर्वी ‘-नाझोल’ने संपणाऱ्या कुठल्याही औषधाने अंगावर उठलेलं पुरळ.

पायरी चौथी: घेण्याची रीत

ही सोपी आहे. जेवणाआधी, जेवणानंतर, केव्हाही. अ‍ॅसिडिटीच्या औषधानेही फारसं बिघडत नाही. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला जेवण आणि पोटातलं आम्ल लागतं, तो नियम इथे लावू नका. गोळी ९० टक्क्यांहून जास्त रक्तात उतरते, म्हणून शिरेतली आणि तोंडावाटेची मात्रा एकच असते. सलाईनवरून गोळीवर आणलं म्हणजे उपचार हलका केला, असं समजण्याचं कारण नाही.

रोजच्या कोर्समध्ये पहिल्या दिवशी दुप्पट मात्रा का, असा प्रश्न पडतो. हळू बाहेर पडणारं औषध रक्तात स्थिर पातळीलाही हळूच येतं, त्याला ५ ते १० दिवस लागतात. पहिल्या दिवशी दुप्पट दिलं की दुसऱ्याच दिवशी ती पातळी गाठता येते. हे दुप्पट फक्त पहिल्या दिवसापुरतं. एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्या, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, आणि भरपाई म्हणून दोन घेऊ नका.

मुलांना मात्रा वजनावर देतात. तोंडातल्या किंवा अन्ननलिकेतल्या कॅन्डिडासाठी पहिल्या दिवशी किलोमागे ६ आणि नंतर ३ मिलिग्रॅम. पातळ औषध दोन तीव्रतेत येतं, एका मिलिलिटरमध्ये १० किंवा ४० मिलिग्रॅम. म्हणजे एक चमचा दिला असं म्हणताना चौपट फरक पडू शकतो. बाटलीवरचा आकडा वाचा, मोजायची सिरिंज वापरा, आधी हलवा. तयार केलेली बाटली दोन आठवड्यांनी उरली असली तरी टाकून द्या.

पायरी पाचवी: लक्ष कशावर ठेवायचं

डोकेदुखी, मळमळ, पोटात दुखणं हे नेहमीचे. एका गोळीच्या अभ्यासांत अनुक्रमे १३, ७ आणि ६ टक्के बायकांना ते जाणवले. यासाठी सहसा काही करावं लागत नाही. चक्कर येत असेल तर गाडी चालवू नका.

डोळे पिवळे होणं, लघवी चहासारखी गडद होणं, अंगभर खाज, सतत उलट्या ही यकृताची तक्रार. फोड येणारं, कातडी सोलणारं पुरळ किंवा तोंडात व्रण ही त्वचेची गंभीर प्रतिक्रिया. छातीत धडधडून शुद्ध हरपणं ही हृदयाची. चेहरा सुजणं, श्वास लागणं ही अ‍ॅलर्जीची. यांतलं काहीही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी, शेवटच्या दोन बाबतीत तर त्याच क्षणी, वैद्यकीय मदत घ्या. कोर्स लांबलचक असेल तर यकृताच्या तपासण्या मधूनमधून होतात, त्या चुकवू नका.

गुण आला नाही तर

योनिमार्गाच्या संसर्गात सात दिवसांनंतरही त्रास असेल, तोंडाच्या संसर्गात आठवडाभरात फरक दिसत नसेल, तर मात्रा वाढवण्याआधी तीन प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवा. निदान नक्की कॅन्डिडाचंच होतं का? असेल तर जात कोणती, आणि ती फ्लुकोनाझोलला दाद देते का हे कल्चरने पाहिलं का? सोबतचं एखादं औषध आड येतंय का? किती गोळ्या प्रत्यक्ष पोटात गेल्या हेही खरं सांगा. चार दिवसांत थांबवल्या असतील तर तसं सांगा, नाहीतर न जुमानणारी बुरशी समजून विनाकारण जास्त जड औषध सुरू होईल.

उरलेल्या गोळ्या घरातल्या दुसऱ्या कोणाला देऊ नका. त्याची खाज तुमच्यासारखीच दिसली तरी ती कशाची हे तुम्हाला माहीत नाही, आणि तो रक्त पातळ करण्याची गोळी घेतो का, हेही बहुधा तुम्ही विचारलेलं नसतं.